पाद्रीबाबांची वही आणि मूठभर गवत

फार फार वर्षांपूर्वी, जिथे हिवाळा एकदा आला की जायचे नाव घेत नसे अशा उत्तरेकडच्या मुलखात, नदीच्या वळणावर एक गाव होते. घरे लाकडाची, कुंपणे लाकडाची, चर्चही लाकडाचेच. चर्चवर कांद्याच्या आकाराचा एक घुमट होता. त्याचा सोनेरी रंग केव्हाच उडून गेला होता, पण गावकरी मान वर करून बघत तेव्हा त्यांना तो सोनेरीच दिसे. तसे गाव आता शोधूनही सापडायचे नाही, आणि तसे डोळेही नाहीत.

त्या गावात एक तरुण पाद्री आले. शहरातल्या धर्मविद्यालयात शिकलेले, दाढी अजून नीट भरलेली नाही, आणि बोलणे मात्र जाड्या ग्रंथासारखे. त्या मुलखाची रीत अशी होती की पाद्र्याने आधी लग्न करायचे आणि मग दीक्षा घ्यायची. गावचा म्हातारा पाद्री वारला की त्याच्या मुलीशी जो लग्न करील त्यालाच ते चर्च मिळे. त्यामुळे आमच्या पाद्रीबाबांच्या पदरात गाव आणि बायको एकदमच पडले. गावाची त्यांना भीती वाटत होती, आणि खरे सांगायचे तर बायकोचीही थोडी वाटत होती.

बायकोचे नाव उस्तिन्या. डोक्याला निळा रुमाल बांधायची, भराभरा चालायची, आणि हसायची ती आधी डोळ्यांनी. तिचा जन्म त्याच घरातला. कोणत्या गाईला कोणते गवत आवडते इथपासून कोणाचे कोणाशी कशावरून फाटले इथपर्यंत तिला सगळे ठाऊक होते.

एके दिवशी पाद्रीबाबा स्वयंपाकघरात गेले तर उस्तिन्या गुडघ्यांवर बसून भट्टीखाली दुधाचा वाडगा सरकवत होती. त्या मुलखात प्रत्येक घराच्या मधोमध भिंतीएवढी भट्टी असे. तिच्यात पाव भाजत आणि तिच्या माथ्यावर म्हातारी माणसे झोपत.

"हे कुणासाठी? मांजर तर बाहेर आहे," पाद्रीबाबा म्हणाले.

"घरातल्या आजोबांसाठी."

"कोण आजोबा?"

"घर राखतात ते. दिसत नाहीत कुणाला. दूध नाही ठेवलं तर रुसतात आणि घोड्याच्या आयाळीला गाठी मारून ठेवतात. मग बसा सोडवत."

"अगं, तू पाद्र्याची मुलगी, पाद्र्याची बायको! आणि हे असलं?"

उस्तिन्या उठली, हात पुसले आणि म्हणाली, "अहो, देवाचं घर तिकडे आहे, आजोबांची जागा इथे. माझे बाबा होते तेव्हाही असंच होतं. दोघांचं कधी भांडण झालेलं मी तरी ऐकलं नाही."

पाद्रीबाबा हसले. पण ते वाक्य त्यांना इतके आवडले की ते विसरून जाऊ नये म्हणून त्यांनी कागदावर उतरवून ठेवले. तिथून सारे सुरू झाले.

त्यांनी एक मोठी वही शिवून घेतली आणि गावाच्या चालीरीती लिहायला बसले. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांचे शहरातले गुरुजी खेड्यातल्या श्रद्धेला नाक मुरडत. पाद्रीबाबांना मात्र ती पाहताना आपल्या आईची आठवण येई, आणि जे आवडते ते जपावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

आणि जपण्यासारखे होते हो तिथे पुष्कळ. वसंत लागायच्या सुमारास घराघरांत कणकेचे चंडोल पक्षी भाजत. पोरे ते काठीला टोचून छपरावर चढत आणि वसंताला हाका मारत, आणि हाका मारून झाल्या की वसंताला खाऊन टाकत. नांगर धरायच्या आधी शेतकरी जमिनीला कपाळ टेकवून म्हणे, "आई, तुला ओरखडे काढणार आहे, माफ कर." ईस्टरनंतर बायका लाल रंगवलेली अंडी घेऊन कबरींकडे जात आणि आतल्या माणसांना येशू पुन्हा उठल्याची आनंदाची बातमी मोठ्याने सांगत, कारण त्यांना वर काय चालले आहे ते कसे कळणार? राय नावाचे धान्य कापून झाले की शेतात मूठभर ताटे न कापता उभी ठेवत, त्यांची वेणी घालत आणि तिला 'संताची दाढी' म्हणत. संताला दाढी ठेवली नाही तर तो पुढच्या वर्षी कशाला येईल शेतात?

असे ते गाव होते. आठवले की अजून भाजलेल्या पावाचा वास येतो.

पण या सगळ्यांत गोड रीत होती त्रैक्याच्या रविवारची. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिन्ही मिळून एकच देव, याचा हा सण उन्हाळा लागताना येई. त्या दिवशी चर्चच्या जमिनीवर ताजे कापलेले गवत पसरत, भिंतींना बर्च झाडाच्या कोवळ्या फांद्या बांधत, आणि आत पाऊल टाकले की आपण कुरणात आलो की देवाच्या दारी, हेच समजत नसे. प्रत्येक बाई हातात गवताची एक जुडी घेऊन येई. गुडघे टेकायची प्रार्थना सुरू झाली की बायका त्या जुडीवर रडत. मोठ्याने नव्हे, गळे काढून नव्हे. दोन-चार थेंब गवतावर पडले की झाले. मग ती जुडी घरी नेऊन संताच्या तसबिरीमागे ठेवत. आभाळाकडे पाणी मागायचे तर आधी आपल्याजवळचे थोडे द्यावे, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

सगळ्यांत आधी उस्तिन्याचे डोळे भरत. ती खिडकीजवळ उभी राही. तिचा पहिला थेंब पडला की शेजारणीचा पडे, मग तिच्या शेजारणीचा, आणि असे करत ते रडणे दारापर्यंत पोचे.

"तुला एवढं रडायला येतं ते कशाचं?" पाद्रीबाबांनी एकदा वही उघडून विचारले.

"ते नाही सांगायचं."

"का?"

"सांगितलं तर पुढच्या वर्षी येणार नाही," उस्तिन्या म्हणाली. मग हसून म्हणाली, "आणि तुम्ही लिहून घ्याल, ते वेगळंच."

पाद्रीबाबांनी तेवढेच लिहून घेतले. अभ्यासकाने घरच्या माणसांना वेगळे काढू नये, असे त्यांना शिकवलेले होते. म्हणून त्यांनी बायकोचे नाव न घालता लिहिले, 'एक स्त्री'. गावभर फिरून ते रीतिभाती गोळा करत होते, आणि ज्या घरात त्या नांदत होत्या त्या घरी वहीत मान घालून जेवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत.

वही जाड होत गेली. उस्तिन्या चिडवायची, "खारवलेल्या कोबीच्या पिंपावर ठेवायला दगड शोधत होते मी. आता ही वहीच ठेवते. कोबी चांगला मुरेल आणि तुम्हीही जरा जेवाल."

आता गावकऱ्यांचे ऐका. त्यांच्या चर्चमध्ये एक पद्धत होती. घरातल्या गेलेल्या माणसांची नावे चिठ्ठीवर लिहून पाद्र्याकडे द्यायची. पाद्री ती वेदीपुढे मोठ्याने वाचे, आणि लोक म्हणत, "प्रभू, दया कर." वाचले की नाव देवाच्या कानी गेले. पाद्रीबाबा यात फार काटेकोर होते. मालान्या नावाच्या म्हातारीने एकदा लढाईत गेलेल्या भावासाठी चिठ्ठी आणली होती. लिहिणाऱ्याने घाईत नुसते 'एक भाऊ' असे लिहिले होते. पाद्रीबाबांनी चिठ्ठी परत केली होती. "आजी, बिननावाचा माणूस देवाकडे कसा पोचेल? नाव घालून आणा," ते म्हणाले होते. मालान्या बर्फातून परत गेली आणि नाव घालून घेऊन आली होती.

तेव्हा गावकऱ्यांना पक्के ठाऊक होते, पाद्र्याने कागदावरचे वाचले की ते देवाला पोचते. आता त्याच पाद्र्याच्या हाताने साऱ्या रीती कागदावर लिहिल्या जात होत्या. यातून त्यांनी काय अर्थ काढला असेल, तुम्हीच सांगा.

पहिला अर्थ प्रोखोरने काढला. प्रोखोर मोठा कष्टाळू शेतकरी, पण वेळ वाचवायचा म्हटले की त्याला स्फुरण चढे. एका कापणीच्या दिवशी आभाळ भरून आले. प्रोखोरचा विळा शेवटच्या मूठभर ताटांपाशी आला. वेणी घालत बसलो तर बाकीच्या पेंढ्या भिजणार. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पाद्रीबाबांच्या वहीत संताची दाढी आहे ना? मग शेतात आणखी कशाला?" आणि त्याने ती ताटेही कापून टाकली. सुंठीवाचून खोकला गेला!

ही गोष्ट पाद्रीबाबांच्या कानावर आली तेव्हा त्यांना हसू आले. त्यांनी ती गंमत म्हणून वहीत लिहून ठेवली. तिथेच त्यांचे चुकले.

कारण पाद्रीबाबा रागावले नाहीत म्हणजे प्रोखोरचे बरोबरच असणार, असे गावाने धरले. दुसऱ्या वर्षी कुणीच दाढी ठेवली नाही. मग चंडोल भाजायचे राहिले. कणीक मळायचा कंटाळा, आणि वहीत तर चंडोल आहेतच. मग अंडी रंगवणे गेले, जमिनीची माफी मागणे गेले. नव्या सुना विचारत, "सासूबाई, हे कसं करायचं?" तर सासूबाई म्हणत, "बाबांच्या वहीत आहे." आणि तेवढ्याने दोघींचेही समाधान होई. अगदी कुणी आजारी पडले तरच लोक येऊन विचारत, "बाबा, आमची ती भट्टीखालच्या दुधाची रीत लिहिली आहेत ना?" लिहिली आहे म्हटले की निश्चिंत होऊन जात.

पाद्रीबाबांना वाटे, किती मान आहे आपल्या लिखाणाला!

उस्तिन्याला मात्र चैन पडेना. "अहो," ती एकदा म्हणाली, "पूर्वी या दिवसांत छपरांवर पोरांचा काय गलका असायचा. ऐकू येतंय का काही?"

पाद्रीबाबांनी कान दिला. काहीच ऐकू येत नव्हते.

"तुमची वही गाव खातेय," उस्तिन्या म्हणाली. या वेळी तिचे डोळे हसले नाहीत.

"वेडी आहेस. उलट मी सगळं वाचवून ठेवतोय," पाद्रीबाबा म्हणाले, आणि कान द्यायचे सोडून पुन्हा लिहू लागले.

त्रैक्याच्या रविवारची रीत तेवढी टिकून होती, आणि तीही उस्तिन्यामुळे. ती जुडी घेऊन येई म्हणून चार जणी आणत. ती रडे म्हणून त्या रडत. पण हे कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

मग एका हिवाळ्यात उस्तिन्याच्या छातीत कफ दाटला. जंगलापलीकडच्या गावातून वैद्य आणायला माणूस गेला, पण बर्फाने वाट बुजली होती. वैद्य पोचायच्या आधीच ती गेली.

त्या मुलखात माणूस गेले की खिडकीला भरतकामाचा पंचा बांधत आणि खाली पाण्याचा पेला ठेवत. आत्मा चाळीस दिवस घराभोवती फिरतो, दमतो, रडतो. त्याला तोंड धुवायला आणि पुसायला काही हवे ना? आणि तो पंचा घरच्या सगळ्यांत जवळच्या माणसाने बांधायचा असतो.

मालान्या म्हातारी पंचा घेऊन पाद्रीबाबांपुढे उभी राहिली. "बाबा, बांधा."

पाद्रीबाबांनी वर बघितले. त्यांच्या पुढ्यात वही होती आणि ते लिहीत होते. पंचा कोणत्या खिडकीला बांधतात, पेल्यात पाणी कुठवर भरतात, बायका शोकाच्या ओळी कशा म्हणतात. त्यांची बोटे थंडीने आखडली होती तरी चालत होती.

"तुम्हीच बांधा, आजी," ते म्हणाले. "मला हे लिहून घेऊ द्या."

त्यांना दगड म्हणू नका. लेखणी खाली ठेवली असती तर त्या घरात काय घडले आहे ते त्यांना दिसले असते, आणि ते बघायचे बळ त्यांच्यात नव्हते. त्या पंथात पाद्र्याला दुसरे लग्न नसते. त्यांना एकच माणूस मिळायचे होते, ते मिळाले होते आणि गेले होते. मालान्याने पंचा बांधला. पाद्रीबाबांच्या डोळ्यांतून टिपूसही आले नाही. चाळीस दिवस झाले, पंचा उतरला, तरी आले नाही. छातीवर मात्र काहीतरी बसून राहिले होते, पिंपावरच्या दगडासारखे, आणि ते तसेच घेऊन ते रोज प्रार्थना म्हणत.

तो वसंत कोरडा गेला. बर्फ वितळले, नदी चार दिवस दुथडी वाहिली आणि मग आभाळाने तोंड मिटले. राय गुडघ्याएवढी झाली आणि तिथेच थांबली. पाने कडेने पिवळी पडू लागली. रायच गेली तर पुढचा हिवाळा कसा काढायचा, हे विचारायची कुणाची छाती होईना. प्रत्येक जण दुसऱ्याच्या शेताकडे बघे आणि मान फिरवी.

आणि अशात त्रैक्याचा रविवार आला.

चर्चच्या सेवकाने ओढ्याकाठचे जे काही हिरवे गवत मिळाले ते कापून आणून जमिनीवर पसरले. झाडून सारे गाव जमले. पाद्रीबाबांनी वेदीपुढून वळून पाहिले तर एकाही बाईच्या हातात जुडी नव्हती. खिडकीजवळची जागा रिकामी होती. एवढी गर्दी, पण तिथे कुणी उभे राहिले नव्हते.

गुडघे टेकायची प्रार्थना आली आणि गेली. सगळ्यांचे डोळे कोरडे ठक्क. मग प्रोखोर पुढे आला, टोपी हातात घेऊन.

"बाबा, राय जळतेय. आता ते पान वाचा."

"कुठलं पान?"

"वहीतलं. अश्रूंचं. नावांच्या चिठ्ठ्या वाचता तसं मोठ्यानं वाचा, म्हणजे वर जाईल."

"अरे प्रोखोर, ती वही म्हणजे प्रार्थना नव्हे."

"मग काय आहे ती?" प्रोखोरने विचारले. तो वाद घालत नव्हता. त्याला खरेच ठाऊक नव्हते. "आम्ही सगळं तुमच्याकडे दिलंय, बाबा. आमच्याजवळ आता काही नाही."

 एवढी वर्षे पाद्रीबाबा लिहीत होते, पण ही वही काय आहे असे त्यांना कुणी विचारले नव्हते, आणि त्यांनीही स्वतःला विचारले नव्हते. त्यांनी गावाकडे बघितले. छपरावरची ओरडणारी पोरे आता मोठी होऊन मुकाट उभी होती. लाल अंडी नेणाऱ्या बायका हात मोकळे सोडून उभ्या होत्या. सारे गाव आपल्याच वहीत पुरले गेले आहे, असे त्यांना वाटले. उस्तिन्याने हेच सांगितले होते.

पण गाव वाट बघत होते. त्यांनी वही मागवली, पान काढले आणि वाचू लागले.

"त्रैक्याच्या रविवारी स्त्रिया हाती ताज्या गवताची जुडी घेऊन येतात."

"प्रभू, दया कर," सारे गाव म्हणाले.

"गुडघे टेकण्याच्या प्रार्थनेच्या वेळी तिच्यावर अश्रू गाळतात."

"प्रभू, दया कर."

"अवर्षण पडू नये अशी यामागे समजूत असावी."

"प्रभू, दया कर."

पाद्रीबाबांना वाटले, आपण किती कोरडे लिहिले आहे! त्यांनी पुढची ओळ वाचली. "खिडकीजवळ निळ्या रुमालाची एक स्त्री असते. सर्वांत आधी हिचे अश्रू येतात. कारण विचारले असता सांगत नाही."

"प्रभू, दया कर," गाव म्हणाले. पण एक आवाज त्यात नव्हता. मालान्या म्हातारी काठी टेकत पुढे आली होती.

"नाव घ्या, बाबा."

"काय?"

"नाव घ्या की तिचं. बिननावाची चिठ्ठी तुम्ही परत करता. माझ्या भावाची नव्हती का केलीत? 'एक स्त्री' म्हटल्यावर देवाला कसं कळायचं, कोण रडलं ते?"

पाद्रीबाबांनी खिडकीकडे पाहिले. काचेतून ऊन येऊन रिकाम्या जागेवर पडले होते. तिथल्या गवतावर कुणाचा पाय पडला नव्हता, ते तसेच ताजे पसरलेले होते.

"उस्तिन्या," ते म्हणाले.

ती गेल्यापासून ते नाव त्यांनी अंत्यविधीत म्हटले होते, प्रार्थनेत म्हटले होते, पण तेव्हा ते पाद्री होते. या वेळी ते नवऱ्याने घेतले. घरात शिरताना, भूक लागली असताना, वहीतून मान वर न करता घेत असत तसे. आणि या वेळी 'ओ' आली नाही.

छातीवरचा दगड सरकला. पाद्रीबाबा सगळ्या गावादेखत, सणाच्या झग्यात, लहान मुलासारखे रडू लागले. टपटप थेंब वहीवर पडले. शाई पसरली, 'एक स्त्री' पुसट होत गेली.

"अहो बाबा, कागदावर नको!" मालान्या घाईघाईने म्हणाली. तिने वाकून जमिनीवरचे मूठभर गवत उचलले आणि पाद्रीबाबांच्या हनुवटीखाली धरले. "कागदातून काय उगवतं?"

कुणीतरी हुंदका दिला. मग एक बाई वाकली आणि तिने पायाखालचे गवत उचलले. मग दुसरी वाकली. कुणाला उस्तिन्या आठवली, कुणाला तिच्याही आधी गेलेली आपली माणसे, कुणाला नुसतेच पूर्वीचे दिवस. एवढ्या वर्षांचे साचलेले होते ते, आणि त्याला वाट मिळाली. रडणे खिडकीपासून निघाले आणि दारापर्यंत पोचले. ही रीत बायकांची, पण प्रोखोरच्याही हातात गवत होते. "डोळ्यात भुसा गेलाय," तो म्हणाला. चर्चमध्ये भुसा कुठून येणार, असे त्याला कुणी विचारले नाही.

पाऊस आला का, असे तुम्ही विचाराल. आला. लगेच त्या दिवशी नाही. त्याला यायचे होते तेव्हा आला, आणि बेताचाच आला. राय खांद्याएवढी झाली नाही, पण कमरेपर्यंत वाढली, आणि गावाने हिवाळा उपाशी न राहता काढला. पाऊस अश्रूंनी आला की आपल्या पायांनी आला, यावर गावात पुढे पुष्कळ वाद झाले. मी त्यात पडत नाही.

कापणीला प्रोखोरने शेताच्या कोपऱ्यात संताची दाढी राखली. आधीच्या वर्षांची भरपाई म्हणून एवढी मोठी राखली की त्याची बायको म्हणाली, "अहो, संताला दाढी ठेवायची आहे की बैलाला चारा?" पुढच्या वसंतात छपरांवर पोरे चढली. काय ओरडायचे ते त्यांना नीट ठाऊक नव्हते, पण ओरडली भरपूर.

पाद्रीबाबांनी लिहिणे सोडले नाही. पण कुणी येऊन म्हणाले, "बाबा, ही एक जुनी रीत आहे, लिहून घ्या," की ते लेखणी बाजूला सारून उठत. "चला, आधी करू, मग लिहू," असे म्हणत. पुसट झालेले ते पान त्यांनी पुन्हा कधी लिहिले नाही. समासात फक्त बायकोचे नाव घातले आणि आत मालान्याने हनुवटीखाली धरलेले ते मूठभर गवत ठेवले.

आणि त्या त्रैक्याच्या रविवारी चर्चमधून घरी आल्यावर त्यांनी काय केले, ते सांगायचे राहिलेच. त्यांनी वाडग्यात दूध ओतले आणि भट्टीपुढे गुडघे टेकून बसले. वाडगा सरकवताना म्हणायचे शब्द असतात. ते वहीत होते, पण वही त्यांनी उघडली नाही.

"आजोबा," ते हळूच म्हणाले, "ती गेली हो. आता दूध मीच ठेवत जाईन."

म्हणून लहानथोरांनो, जे जपायचे ते खुशाल लिहून ठेवा, पण आधी ते आपल्या हातांनी करा आणि आपल्या माणसांना नावाने हाक मारा, नाहीतर शाई तेवढी उरते.